मायानगरींतील लिंबूटिंबू

अंगणांत मुलांचा डाव रंगांत आला असतां घरांतील एखादें चार-पांच वर्षांचें मूल 'मलाही घ्या' म्हणून हट्ट धरतें, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार आहे. मोठीं मुलें त्यास घालवून देत नाहींत. पण पुरतें खेळांतही घेत नाहींत. त्यास तीं 'लिंबूटिंबू' ठरवितात. लिंबूटिंबूनें सर्वांबरोबर धांवावें, लपावें, ओरडावें. पण तो सांपडला तरी बाद होत नाहीं, आणि त्यानें कोणास शिवलें तरी तें शिवणें कोणी जमेस धरीत नाहीं. ही तोड मोठी शहाणपणाची आहे. घरांत रडारड होत नाहीं, लहानग्यास इजा होत नाहीं, आणि मोठ्यांच्या डावाचा विरसही होत नाहीं. तिच्यांत उणें एकच, आणि तें सर्वांच्या आधीं त्या लिंबूटिंबूसच कळतें: एके दिवशीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपलें धांवणें हिशेबांतच नाहीं.

लहान आणि मोठे, दुबळे आणि सबळ यांनीं एकाच डावांत खेळावयाचें तर काठिण्याची चढण कशी बांधावी, हा प्रश्न अंगणापुरताच राहिला असता तर त्यावर निबंध लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु गेल्या पन्नास वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत संगणकाच्या साह्यानें अशा कांहीं मायानगरी उभ्या राहिल्या, कीं ज्यांत हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच वेळीं वावरतात, राक्षसांशीं लढतात, विद्या संपादन करतात आणि एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत चढत जातात. त्यांत सात वर्षांचें मूल असतें आणि चाळीस वर्षांचा बापही असतो. कोणता प्रांत आधीं उघडावा, कोणता शत्रु कोठें ठेवावा, हरलेल्याचें काय व्हावें, आणि पुढें गेलेल्यानें मागच्यासाठीं थांबावें कीं नाहीं, हें सारें ह्या नगरींच्या रचनाकारांस ठरवावें लागलें. त्यांच्या चुका आणि त्यांचे शोध यांचा इतिहास हा आमच्या मतें बालसंगोपनाच्या इतिहासाचाच एक नवा अध्याय आहे. ज्या नगरींत आज कित्येक मुलें रोज तासन्‌तास राहतात, तिचा कायदा कोणी आणि कोणत्या हेतूनें केला हें आईबापांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

मूळ प्रश्नाचें एक उत्तर आपल्या पूर्वजांनींही दिलेलें होतें. मोक्षपट किंवा ज्ञानचौपड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पटांवर कोठें ७२ तर कोठें ८४ घरें असतात. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं साप, आणि सर्वांत वर मुक्ति. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट इंग्लंडांत जाऊन मुलांची सापशिडी झाला. ह्या खेळांत आजोबा आणि नातू अगदीं समान असतात. कारण कवड्यांचें किंवा फांशांचें दान वय ओळखीत नाहीं. पण ही समानता साधली ती कौशल्यास रजा देऊन. नातू जिंकला तरी तो कांहीं शिकला असें म्हणतां येत नाहीं. म्हणजे एकीकडे लिंबूटिंबूची सूट आणि दुसरीकडे दानाची समता, असे दोन मार्ग पूर्वीपासून ज्ञात होते. मुलास खरोखर शिकावयास लावील, त्याचें शिकणें हिशेबांत धरील, आणि तरीही त्यास मोठ्यांच्या पंक्तीस बसवील, असा तिसरा मार्ग अजून शोधावयाचा होता.

आधुनिक मायानगरींची वंशावळ १९७४ सालापासून लावावी लागते. त्या वर्षीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. यास संगणक लागत नसे. मेज, कागद, पेन्सिल, फांसे आणि चार मित्र एवढी सामग्री पुरे. पुढील बहुतेक खेळांनीं उचललेल्या दोन कल्पना त्यानें रूढ केल्या. पहिली, पात्राचें बळ अंकांनीं मोजणें: अनुभव वाढला कीं पातळी वाढे, आणि पातळी वाढली कीं घाव सोसण्याची शक्ति वाढे. दुसरी, काठिण्य स्थळाशीं बांधणें: भुयाराचा मजला जितका खोल, तितके राक्षस भयंकर आणि तितकें धनही मोठें. त्यामुळें संकट किती अंगावर घ्यावयाचें हें खेळाडूच्या हातीं राही. जिना उतरणें न उतरणें हा त्याचा निर्णय. पण ह्या खेळाचा खरा आधार तिसराच होता. मेजाशीं एक पंच, किंबहुना सूत्रधार, बसलेला असे. एखाद्या नवख्याचा चेहरा उतरलेला दिसला तर तो राक्षसांची संख्या गुपचूप कमी करूं शके. कोणी शेफारला तर वाढवूं शके. काठिण्याचा कांटा माणसाच्या डोळ्यांत होता.

संगणक आला आणि हा डोळा गेला. १९७८ सालीं इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें 'मड' नांवाचें जग लिहावयास घेतलें, आणि १९८० मध्यें त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल यानें तें काम हातीं घेऊन तडीस नेलें. चित्रें मुळींच नव्हतीं. पडद्यावर केवळ अक्षरें उमटत. तरी एकाच भूमींत अनेक माणसें एकाच वेळीं वावरत, हें नवीन होतें. पराक्रमानें गुण मिळत, गुणांनीं पदव्या मिळत, आणि 'विझर्ड' म्हणजे मांत्रिक ही अखेरची पदवी प्राप्त झाली कीं इतरांस नसलेले अधिकार हातीं येत. परंतु लढाईंत मेलेलें पात्र कायमचें पुसलें जाई. कित्येक आठवड्यांची मिळकत क्षणांत शून्य. विद्यापीठांतील तरुणांस ह्या धोक्याचीच गोडी होती. यंत्रास मात्र समोरचा खेळाडू वीस वर्षांचा आहे कीं आठ वर्षांचा, हें कळण्याची सोय नव्हती.

पुढें १९९६ सालीं बार्टल यांनीं आपल्या अनुभवाचें सार एका निबंधांत मांडलें, आणि तो निबंध ह्या विद्येंत प्रमाण मानला जातो. अशा जगांत चार स्वभावांचीं माणसें येतात असें ते म्हणतात: मिळकत करणारीं, नवें शोधणारीं, गप्पागोष्टींसाठीं येणारीं, आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यांतच रस घेणारीं. एक वर्ग वाढला कीं दुसऱ्याचें सुख कमीजास्त होतें. ह्या विवेचनांतून आपल्या विषयासंबंधीं एक महत्त्वाची गोष्ट निघते. लहान मुलाच्या दृष्टीनें त्या जगांतील सर्वांत कठीण शत्रु अग्नि ओकणारा नाग नव्हे. तो चौथ्या वर्गांतील माणूस होय. नागाचें बळ रचनाकारास कमी करतां येतें. माणसाचा स्वभाव येत नाहीं.

ह्याचा पडताळा त्यापूर्वींच आलेला होता. १९८६ सालीं लुकासफिल्म कंपनीच्या खेळविभागानें 'हॅबिटॅट' नांवाचें सचित्र जग कॉमोडोर-६४ या घरगुती संगणकावर चालवून पाहिलें. त्याचे कर्ते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनीं आपले अनुभव १९९० मध्यें लिहून ठेवले आहेत. त्यांनीं एकदां १०० स्थळांचें एक बेट रचून त्यावर गुप्तधनाचा शोध ठेवला. बेट बांधण्यास कित्येक आठवडे लागले. लोक कित्येक दिवस त्यांत रमतील अशी त्यांची अटकळ होती. पण एका चतुर खेळाडूनें मुख्य खूण पहिल्या पावतासांत ओळखली आणि ८ तासांत सारा शोध संपविला. बाकीच्यांपैकीं पुष्कळांस तोंवर त्या जगांत प्रवेश करण्याससुद्धां सवड झाली नव्हती. सर्वांसाठीं एकच कुलूप ठेवलें तर सर्वांत हुषार माणूस तें उघडतो आणि इतरांस उघडें दार तेवढें दिसतें, असा हा धडा होता.

त्याच जगांत चोरी आणि हत्याही सुरू झाली. हत्या हा गुन्हा मानावा कीं खेळाची मौज, याविषयीं रहिवाशांचें मत घेतलें तेव्हां तें जवळजवळ निम्मेंनिम्म पडलें. एका रहिवाशानें, जो प्रत्यक्ष जीवनांत ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरु होता, शस्त्र न धरण्याचें आणि चोरी न करण्याचें व्रत घेणारी एक मंडळीच स्थापिली. अखेर चालकांनीं असा तोडगा काढला कीं, नगराच्या हद्दींत शस्त्र चालूं नये. बाहेरच्या रानांत ज्यानें त्यानें आपला जीव सांभाळावा. आपल्या गांवांना गांवकूस असे, त्याचीच ही पडद्यावरील आवृत्ति. काठिण्याचा विचार करतांना 'येथें भय नाहीं' अशी रेघ आधीं आखावी लागते, हें येथें प्रथम स्पष्ट झालें.

तथापि अनुभव एका पिढीचा दुसरीस आयता मिळत नाहीं. सप्टेंबर १९९७ मध्यें 'अल्टिमा ऑनलाइन' हें विशाल जग खुलें झालें. रिचर्ड गॅरियट यांच्या मनांत त्यास खऱ्या सृष्टीसारखें करावयाचें होतें: गवत, त्यावर जगणारे प्राणी, त्यांवर जगणारी श्वापदें, असें अन्नचक्र त्यांनीं योजिलें होतें. पण खेळाडूंनीं दिसेल तो प्राणी मारण्याचा सपाटा लावला, आणि चक्र फिरण्यास प्राणीच उरेनात. प्राण्यांची जी गत झाली तीच नवख्यांचीही झाली. वेशीबाहेर पाऊल टाकणाऱ्या दुबळ्या पात्रास गांठून लुटणें हा कित्येकांचा धंदा झाला. अखेर २००० सालीं चालकांनीं त्याच भूमीच्या दोन प्रती केल्या: एकींत जुना बेबंदपणा, दुसरींत दुसऱ्याच्या संमतीवांचून त्यावर हल्ला करण्यास बंदी. वस्तीचा ओघ शांत प्रतीकडे वळला.

मार्च १९९९ मध्यें आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'नें काठिण्याची दुसरी रीत धरली. तेथें मरणाऱ्याचा अनुभव कमी होई, आणि त्याची सारी शस्त्रसामग्री जेथें तो पडला तेथेंच प्रेतापाशीं राही; ती परत आणण्यास निःशस्त्र स्थितींत त्याच भयाण जागीं जावें लागे. बहुतेकांस एकट्यानें फार पुढें जाणें कठीण असे. ह्या कडकपणाचे अभिमानी आजही सांगतात, कीं त्या भीतीमुळेंच तेथें मैत्री जुळे. अंधाऱ्या रानांत प्रेत आणण्यास जो बरोबर आला त्यास मनुष्य विसरत नाहीं. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. परस्परांची गरज हें समाजाचें मूळ आहे. प्रश्न एवढाच, कीं ती गरज भीतीवांचून निर्माण करतां येते कीं नाहीं. मुलांसाठीं जग रचणारास भीतीचें चलन वापरण्याची मोकळीक नव्हती. शाळेंतून आलेल्या मुलास झोपण्यापूर्वीं तासभर मिळतो, त्यांत प्रेत शोधीत बसणें त्यास परवडणारें नव्हतें.

ह्या प्रश्नास पहिलें समाधानकारक उत्तर दिलें तें, आमच्या समजुतीप्रमाणें, डिस्नेच्या 'टूनटाउन ऑनलाइन'नें. जून २००३ मध्यें तें अमेरिकेंत सुरू झालें. त्याच्या रचनाकारांत जेसी शेल हे होते, ज्यांचा खेळरचनेवरील ग्रंथ पुढें २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. कथा बालबोध आहे. टून नांवाचे हंसरे प्राणी एका रंगीत नगरींत राहतात. कॉग नांवाचे कोट-टायवाले यांत्रिक अंमलदार येऊन त्यांच्या इमारती बळकावतात आणि नगरीस करड्या रंगाची कचेरी करून सोडतात. कॉगांस विनोद सहन होत नाहीं. म्हणून तोंडावर केक फेंकणें, फुलांतून पाणी उडविणें, केळ्याच्या सालीवरून घसरविणें हींच टूनांचीं शस्त्रें. शत्रूच्या हातीं तलवार नसून कचेरींतील कागद आणि नोटिसा असतात. घरीं कामाचें दप्तर घेऊन येणाऱ्या बापासही ह्या युद्धाचा अर्थ चटकन्‌ कळावा, अशी ही योजना होती.

तिची चढण पाहण्यासारखी आहे. नगरीचे सहा विभाग होते, आणि प्रत्येकाच्या मध्यभागीं एक क्रीडांगण असे. क्रीडांगणांत कॉगास प्रवेश नाहीं. तेथें गेलेली हंशाची शक्ति हळूहळू परत येते. क्रीडांगणाभोंवतीं रस्ते, रस्त्यांवर कॉग, आणि कांहीं रस्त्यांच्या टोंकाशीं पुढच्या विभागाचें दार. म्हणजे गांवकूस आणि रान यांची जोडी पायरीपायरीनें सहा वेळां मांडलेली. मूल जितकें चढेल तितकें रान दाट, पण प्रत्येक पायरीवर विसाव्याची जागा ठरलेली. प्राणाच्या ऐवजीं हंसें मोजलें जाई. नवा टून १५ हंशांचा असे, आणि पुढें वर्षानुवर्षें खेळून तो १३७ पर्यंत पोंचूं शके. हंसें संपलें तर टून मरत नसे. तो उदास होऊन क्रीडांगणांत परते. जवळचें विनोदाचें सामान मात्र जाई. हरण्यास किंमत होती. पण ती संध्याकाळ बुडविणारी नव्हती.

ही सौम्यता म्हणजे केवळ सोपेपणा नव्हे, हें पुढील दोन नियमांवरून दिसेल. विनोदाच्या विद्या एकंदर सात होत्या, आणि कोणाही टूनास त्यांपैकीं सहांहून अधिक शिकतां येत नसत. कितीही मोठा झाला तरी प्रत्येकांत एक उणीव कायम राही, आणि ती शेजाऱ्याकडूनच भरून काढावी लागे. दुसरा नियम याहून सुंदर आहे. सातांपैकीं एक विद्या खचलेल्यास हंसविण्याची होती; पण तिचा प्रयोग स्वतःवर करतां येत नसे. स्वतःस कोणीही हंसवूं शकत नाहीं. दुसऱ्यानेंच हंसवावें लागतें. लढाई रस्त्यांत चालू असतां वाटसरूनें धांवत येऊन तींत सामील व्हावें. चार टूनांपर्यंत जागा असे, आणि प्रत्येकास विचार करून चाल निवडण्यास मोजका वेळ मिळे. लढाई आळीपाळीनें चाले, म्हणून चिमुकल्या बोटांची मंदगति आड येत नसे. ह्या रांगेंत उभें असलेलें लहान मूल लिंबूटिंबू नव्हतें. त्यानें बापास हंसविलें तर बाप खरोखर वांचे. सोडविलेल्या इमारतींत सोडविणाऱ्यांचीं चित्रें लावलीं जात, आणि त्यांत लहानाचें चित्र मोठ्याच्या शेजारींच असे.

माणसाच्या स्वभावाचा प्रश्न त्यांनीं भाषेच्या दारावर सोडविला. अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें, जो २००० मध्यें अमलांत आला, १३ वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवांचून गोळा करण्यास मनाई झाली होती. टूनटाउनमध्यें अनोळखी माणसें ठराविक वाक्यांच्या यादींतून निवडूनच बोलूं शकत. मोकळेपणीं लिहावयाचें तर एक गुप्त संकेत बाहेरच, म्हणजे प्रत्यक्ष ओळखींत, देवघेव करावा लागे. शिवी देण्यास शब्दच नसल्यामुळें चौथ्या वर्गाचे बरेचसे दांत पडले.

सारे मात्र नव्हेत. कॉगांच्या मोठ्या अधिकाऱ्यावर चढाई करावयाची तर लिफ्टमध्यें आठ टूनांपर्यंत जागा असे, आणि तेथें बक्षीस मोलाचें असे. अशा ठिकाणीं कमी हंशाचा टून आंत शिरला कीं सबळ टून निमूटपणें उतरून जात. यादींतील वाक्यांनीं अपमान होत नसे. तो रिकाम्या लिफ्टनें होई. ज्या जागीं लाभ दुर्मिळ आणि अपयश महाग, त्या जागीं दुबळा पुन्हां नकोसा होतो, हा जुना न्याय रंगीत नगरींतही खोटा ठरला नाहीं.

इतर जगांतही ह्याच काळीं पुढचा-मागचा यांतील अंतराचा विचार चालू होता. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानें १९७५ पासून असें प्रतिपादिलें होतें, कीं आव्हान फार झालें तर मनुष्य धास्तावतो, फार थोडें झालें तर कंटाळतो, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत तो तल्लीन होतो. रचनाकारांनीं हा सिद्धान्त मोठ्या आवडीनें घेतला. पण हा पट्टा एकाएका माणसाचा असतो, कुटुंबाचा नसतो. बापाचा कंटाळा संपतो तेथें मुलाची धास्ती सुरू होते. एप्रिल २००४ मध्यें आलेल्या 'सिटी ऑफ हीरोज'नें यावर उपाय केला: मागासलेल्या खेळाडूनें पुढारलेल्याचा जोडीदार व्हावें, आणि त्याच्याजवळ असेपर्यंत त्याचें बळ जवळजवळ त्याच्याइतकें व्हावें. ही खांद्यावर घेण्याची रीत. ऑगस्ट २०१२ मधील 'गिल्ड वॉर्स २'नें उलट केलें. सोप्या प्रांतांत आलेल्या बलाढ्याचें बळ त्या प्रांतापुरतें कमी केलें. ही वांकण्याची रीत. २०१६ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नें आपल्या नव्या खंडांत, ज्याच्या समोर शत्रु येईल त्याच्या पातळीचाच तो व्हावा, अशी व्यवस्था केली. ह्यांत सर्वांस कोठेंही एकत्र हिंडतां येतें खरें. पण आपल्याबरोबर डोंगरही चढूं लागला तर चढल्याचें समाधान कोठून मिळावें? खांद्यावर घेणें आणि वांकणें यांत मोठ्याची कांहीं कृति आहे, नातें आहे. सपाट केलेल्या वाटेवर कोणी कोणासाठीं कांहीं करावें लागत नाहीं.

त्याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची २००४ सालच्या चांचणींतील एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. फार वेळ सलग खेळणाऱ्याचा अनुभव कमी वेगानें वाढावा, असा नियम चालकांनीं केला, लोक चिडले. तेव्हां त्यांनीं आंकडे जवळजवळ तेच ठेवून शब्द उलटे केले: विश्रांति घेऊन येणाऱ्यास दुप्पट लाभ, आणि बाकीच्यांस नेहमींचा. तक्रार थांबली. 'आतां पुरे, जेवावयास ये' हें वाक्य शिक्षेसारखें म्हणावें कीं बक्षिसासारखें, हा प्रत्येक आईचा प्रश्न आहे.

कुटुंबासाठीं रचलेल्या जगांत टूनटाउननंतर नांव घ्यावयाचें तें २ सप्टेंबर २००८ रोजीं सुरू झालेल्या 'विझर्ड-१०१'चें. किंग्जआइल या टेक्सासमधील कंपनीच्या ह्या खेळांत मूल मंत्रशाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल होतें. सात विद्यांपैकीं एक मुख्य विद्या निवडतें. मंत्र पत्त्यांच्या रूपानें हातीं येतात. प्रारंभीं पांच लोक होते, आणि त्यांचा क्रम ठरलेला होता: प्रथम विझर्ड सिटी, मग इजिप्तच्या धर्तीवरील क्रोकोटोपिया, मग जुन्या लंडनची आठवण देणारें आणि कुत्र्यांनीं वसलेलें मार्लीबोन, मग पूर्वेकडील देशांच्या छायेंतील मूशू, आणि शेवटीं युद्धानें उद्ध्वस्त झालेलें ड्रॅगनस्पायर. काठिण्य वाढतें त्याबरोबर कथेचा रंगही गडद होतो, म्हणजे मुलाचें मन आणि त्याचें बळ एकाच पायरीनें चढतें. ही रचना उत्तम आहे. पण तींत एक बारीक दोष राहिला. चालू लढाईंत दुसरा खेळाडू शिरला कीं बहुधा शत्रूच्या बाजूसही एक भर पडे. त्यामुळें न विचारतां केलेली मदत एकट्या मुलास संकटच वाटे. मदतीची किंमत मदत घेणाऱ्याकडून वसूल करणारा नियम मुलांस कळत नकळत काय शिकवितो, याचा विचार व्हावयास पाहिजे.

येथवरचा इतिहास चुकांचा असला तरी सद्धेतूचा आहे. ह्यापुढें पैशाचा अध्याय लागतो. टूनटाउनची वर्गणी दरमहा सुमारें १० डॉलर होती. वर्गणीवर चालणाऱ्या जगाच्या मालकास मूल पुढच्या महिन्यांतही आनंदानें यावें एवढीच इच्छा असते. फार तर तो चढण लांबवील. परंतु २००९ च्या सुमारास 'फार्मव्हिल'सारखे खेळ फुकट मिळूं लागले, आणि त्यांत पीक पिकण्याची वाट पाहणें, वेळेवर न आल्यास तें वाळणें, आणि पैसे देऊन खोळंबा टाळणें अशी रीत पडली. फुकट जगाच्या मालकास मूल अडावें अशी इच्छा असते; गाडें अडावें आणि अडल्या जागीं आपलें दुकान असावें. काठिण्य हें तेथें शिक्षकाचें साधन राहत नाहीं. तो जकातीचा नाका होतो. जानेवारी २०१४ मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं झालेल्या तडजोडींत, मुलांनीं आईबापांच्या संमतीवांचून केलेल्या खरेदीबद्दल अॅपल कंपनीस किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचें मान्य करावें लागलें. डिसेंबर २०२२ मध्यें 'फोर्टनाइट' खेळाच्या मालक कंपनीनें ५२ कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. त्यांपैकीं २४ कोटी ५० लाख हे खेळाडूंस फसव्या मांडणीनें नकळत खरेदी करावयास लावल्याच्या आरोपाबद्दल होते, आणि बाकीचे मुलांच्या खाजगी माहितीसंबंधींचा कायदा मोडल्याबद्दल.

म्हणून मुलाच्या हातीं कोणतेंही असें जग देण्यापूर्वीं 'हा खेळ सोपा आहे काय?' हा प्रश्न विचारणें पुरेसें नाहीं. ह्या इतिहासांतून निघणारे प्रश्न निराळे आहेत. येथें हरलेल्यास विसाव्याची जागा आहे काय? येथें आलेला दुबळा सबळास हवासा वाटतो, कीं अडचणीचा? मुलाची चाल खरोखर हिशेबांत आहे काय? आणि वाट जेथें बिकट होते तेथें त्यास कांहीं शिकावें लागतें, कीं कांहीं विकत घ्यावें लागतें? ह्या कसोट्यांस उतरणारें जग कठीण असलें तरी मुलास हितकर आहे. न उतरणारें जग कितीही रंगीत आणि सोपें असलें तरी हितकर नाहीं.

टूनटाउनचें दार डिस्नेनें १९ सप्टेंबर २०१३ रोजीं बंद केलें. दहा वर्षांत मुलांनीं मिळविलेलें हंसें, सोडविलेल्या इमारती, भिंतींवरचीं चित्रें, सारें एका दिवसांत मावळलें. मायानगरीच्या प्रजेस जमिनीवर हक्क नसतो, हें त्या दिवशीं पुष्कळांस प्रथम कळलें. परंतु त्या नगरींत लहानाचीं मोठीं झालेलीं कांहीं मुलें एव्हांना संगणकाची विद्या शिकून तयार झालीं होतीं. त्यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं ती नगरी आपल्या हातांनीं पुन्हां बांधावयास घेतली, आणि २०१४ मध्यें 'टूनटाउन रिरिटन' या नांवानें ती कोणतीही वर्गणी न घेतां लोकांस खुली केली. ज्या जगांत लहानपणीं आपला प्रयत्न जमेस धरला गेला, तें जग सांभाळण्याची जबाबदारी त्यांना आपलीशी वाटली. कोणत्याही चढणीचें याहून मोठें फळ आम्हांस सुचत नाहीं.